कमलकाकूचा आवाज कोणी भरला

आधी रफीकभाईंचं नाव घेतो. बाकीचं मागून.

संग्रामपूरला स्टँडजवळ त्यांचं दुकान आहे. टेप, रेडिओ, मिक्सर, पाण्याची मोटार, जे बिघडलेलं येईल ते घेतात. माझी शाळा आठवीतच सुटली. पुढची काही वर्षं वरवट बकालच्या आसपास मिळेल त्या वावरात काम केलं, पण कुठेच टिकलो नाही. मला माणसांची भीती वाटायची. अजूनही वाटते. रफीकभाईंनी मला ठेवून घेतलं. तुटक्या वायरीला डाग द्यायला शिकवलं, कीबोर्ड वाजवायला शिकवला — त्यालाही आम्ही पेटीच म्हणायचो. त्यांच्या अम्मी दुपारचा डबा पाठवायच्या, त्यात माझी भाकर धरलेली असायची. रमजानमध्येसुद्धा. घरात सगळ्यांचा रोजा, आणि माझ्यापुरती भाकर थापलेली. आज मी इथे तिरुपूरला आहे, बनियनचं कापड विणणाऱ्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर. तेही रफीकभाईंच्या मामूंमुळे. बायको आहे, दोन पोरी आहेत, पंखा आहे, दार लावून झोपता येतं.

हे सगळं आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तुम्ही मला काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. म्हणा. पण नाव मी आधी घेतलं होतं, तेवढं ध्यानात असू द्या.

आता जे सांगतो ते कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. रफीकभाईंना तर नाहीच. तुम्हाला काऊन सांगून राह्यलो? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

यंदा एक अल्बम निघाला आहे. 'कोरडवाहू' त्याचं नाव, बँडचं नाव 'खटका'. मोबाईलवर ऐकायला मिळतो. तुमच्यापैकी एखाद्यानं ऐकलाही असेल, विशेषतः त्यातलं चौथं गाणं. त्याखाली लोकांनी खूप लिहिलंय. कोणी लिहिलंय, ही ओवी आहे. कोणी लिहिलंय, आजीची आठवण आली. पुण्याच्या एका बाईंनी लिहिलंय की ह्या गावरान आवाजात मातीचा गंध आहे. मी ते सगळं वाचलं. वाचून काही वाटलं नाही. म्हणजे वाटायला पाहिजे होतं — पण हाताला मुंग्या आल्यावर चिमटा घेतला तर जसं होतं, तसंच झालं.

त्या गाण्यात ओवी नाही. पण मी तिकडे सावकाश जातो. एकदम मला जमत नाही.

रफीकभाईंचे अब्बा लग्नाच्या बँडपार्टीत क्लॅरनेट वाजवायचे. ते गेल्यावर क्लॅरनेट रफीकभाईंकडे आला, बँडपार्टीही आली. लग्नसराईत ते लाल कोट घालून वरातीपुढे चालायचे, एरवी दुकानात. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. ते क्लॅरनेट टेपवर भरायचे आणि मग टेपची मोटार हळू करून ऐकायचे. हळू केल्यावर क्लॅरनेट क्लॅरनेट राहत नाही. म्हैस हंबरते, बाई कण्हते, काहीही. मग एका टेपवरचं दुसऱ्या टेपवर उतरवायचं, उतरवताना वरून पेटी वाजवायची, पुन्हा तिसऱ्या टेपवर, वरून कर्ण्याची शिट्टी. असं थरावर थर. जिनिंगमध्ये कापूस पिंजतानाची घरघर भरली. फवारणीच्या पंपाचा दांडा खालीवर करताना येणारा आवाज भरला, तो आमचा ढोल. लोक हसायचे. एक गिऱ्हाईक मिक्सर घ्यायला आलं, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणालं, "रफीकभाई, हे गाणंबी दुरुस्तीले आलं का?" रफीकभाई म्हणाले, "हाव ना, पण याचा पार्ट भेटत नाही." दिवसभर आम्ही त्यावर हसलो.

बँड म्हणजे दोघंच, ते आणि मी. 'खटका' नाव माझं. मी उगाच म्हणालो होतो, त्यांनी लगेच पाटीवर रंगवलं. माझं काही कोणी लगेच ऐकण्याची ती पहिली वेळ.

तो पंप दिलीपचा होता.

दिलीप वरवटला आमच्या घरामागे राहायचा. माझ्याच वयाचा, शाळेत एका बाकावर. कमलकाकू त्याची आई. त्यांच्याकडे कोरडवाहू वावर होतं, पांदणीच्या पलीकडे. तेव्हा बीटी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं नवी नवी आली होती आणि सगळ्यांनी तीच लावली होती. दुकानदार सांगायचे, बीटीले फवारा लागत नाही. बोंडअळीला लागत नव्हता, खरं आहे. मावा न् तुडतुडे काही दुकानदाराचं ऐकून येत नाहीत. त्या वर्षी पानं खालून लाल पडायला लागली आणि सगळा गाव पुन्हा पाठीवर पंप बांधून वावरात उतरला.

फवारणीला एकटं जात नाहीत. ही आमच्याकडची रीत आहे, कोणी शिकवत नाही. एक जण पंप मारतो, दुसरा पाणी आणतो, औषध कालवून देतो, आणि वारा फिरला की ओरडतो — फिर बे, फिर. त्या दुसऱ्याचं काम सोपं असतं. बसूनसुद्धा होतं. पण तो लागतो.

दिलीप आदल्या संध्याकाळी आला होता. म्हणाला, "उद्या फवाराले येतं का बे? बाप लग्नाले गेला." मी येतो म्हणालो. तो म्हणाला, "पक्कं?" मी म्हणालो, "पक्कं ना लेका, किती डाव विचारतं."

सकाळी मी सायकल काढली आणि संग्रामपूरला गेलो. रफीकभाईंनी बोलावलं नव्हतं. मला चौथ्या गाण्याची पेटी पुन्हा वाजवून पाहायची होती. बस्स. ह्याच्या मागे आणखी काही कारण असेल म्हणून मी फार वर्षं शोधलं. नाही सापडलं. दिलीपकडे निरोपही पाठवला नाही. पाठवता आला असता — आमच्याच गल्लीतला दूधवाला मला रस्त्यात भेटला होता.

दिलीप दुपारी सापडला. शेजारच्या वावरातल्या माणसाला पंप आडवा दिसला, मग तो दिसला. वारा फिरला असणार, औषध अंगावर आलं असणार. किती वेळ पडून होता कोणाला माहीत नाही. खामगावला नेलं. तिथे त्यानं एक रात्र काढली.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दिलीपच्या मामानं मला विचारलं. मामा धिप्पाड माणूस, पण त्या दिवशी भिंतीला टेकून बसला होता. "गोपाल, तू जाणार होता ना बे त्याच्या संग?"

मी म्हणालो, "नाही मामा. मले तर बोललाच नाही तो."

हे एक झालं. मला वाटलं होतं, लिहिताना हात अडेल. अडला नाही. पुढचं ऐका.

दुसऱ्या दिवशी त्याला घरी आणलं. तुमच्याकडे कसं रडतात मला माहीत नाही. इथे तिरुपूरला वाद्यं वाजवतात. आमच्याकडे बाया हेल काढून रडतात, आणि त्या रडण्यात बोलतात. गेलेल्याशी बोलतात, देवाशी भांडतात, आणि दारात नवीन माणूस आलं की त्याचं नाव घेऊन त्याला सांगतात. आला का रे बापा, पाह्य काय झालं. प्रत्येकाला वेगळं. ज्याचं त्याच्याशी जे नातं होतं ते त्यात येतं. कोणी ते ऐकत नसतं, कारण जो तो रडत असतो. नंतर त्या बाईलाही आठवत नाही ती काय बोलली.

माझ्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत दुकानातला लहान टेप होता. त्या आठवड्यात मी तो घेऊनच हिंडायचो, विहिरीचा रहाट, पिठाची गिरणी, सापडेल ते भरायचो. मी पिशवी काढून ठेवली नाही. आणि कमलकाकूच्या अंगणात, बायांच्या मागे भिंतीपाशी उभा राहून, मी पिशवीत हात घातला.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगायचो की सवयीनं बोट गेलं. पण टेपवर भरायचं असेल तर एक बटण पुरत नाही. दोन बटणं एकदम दाबावी लागतात. एक चुकून दाबलं जाईल. दोन कशी जातील?

मी भरलं. कॅसेटची बाजू संपून खटका उडाला, तोपर्यंत भरलं.

पुढे मी काय केलं तेही सांगतो. रफीकभाई लग्नाच्या सुपारीवर जळगाव जामोदला गेले होते, दुकानात मी एकटा. कमलकाकूच्या रडण्यातले हेल मी वेगळे काढले. शब्द तेवढे गाळले. नुसता वर चढणारा आणि तुटणारा आवाज ठेवला, मोटार थोडी हळू केली, खाली दिलीपच्या पंपाचा ढोल लावला, वर पेटी. हळू केल्यावर रडणं गाण्यासारखं वाटतं. फार चांगलं झालं होतं ते. हे कबूल करायला मला सगळ्यात जड जातंय — ते फार चांगलं झालं होतं, आणि मला आनंद झाला होता.

रफीकभाईंनी आल्यावर ऐकलं. लाल कोट अंगातच होता. ऐकून झाल्यावर ते स्टुलावर बसले. "कोणाचा आवाज होय?"

"माह्या आत्याचा. जात्यावर गाते ती."

"त्याइले विचारलं ना पण? बाईमाणसाचा आवाज आहे बाबू. विचारल्याबगर ठेवाचा नाही."

"विचारलं ना."

त्यांनी पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "आत्याले माहा सलाम सांग." आत्या मला नव्हतीच. बाप एकुलता एक होता माझा, आणि रफीकभाईंना ते ठाऊक असायला हवं होतं. असेलही.

अकोल्याचा एक कॅसेटवाला अल्बम काढायला तयार झाला होता. कव्हर छापून आलं होतं, त्यावर आम्ही दोघं, मागे कापसाची गंजी. मला त्या फोटोत चष्मा घातला होता, उसना. रफीकभाई एवढे खूश की त्यांनी बाजाराच्या दिवशी दुकानावर कर्णा बांधला आणि सगळा अल्बम लावला. पहिली तीन गाणी लोकांनी टिंगलीत ऐकली. भेळवाला म्हणाला, "भाई, बंद कर ना बे, माहे गिऱ्हाईक पळून राह्यले." मग चौथं लागलं आणि बाजार थोडा गप्प झाला. थोडाच. पण मी दारातून पाहिला.

दिलीपचा मामा बाजाराला आला होता.

आपल्या घरातलं रडणं हळू केलं म्हणून ओळखू येत नाही का? तो मिरच्यांची थैली हातात घेऊन समोर उभा राहिला. गाणं संपेपर्यंत हलला नाही. मग पायरी चढून आत आला, मागून तीन-चार जण.

"हे कमलचं रडणं होय," तो म्हणाला. ओरडला नाही. "माह्या बहिणीचं रडणं. कोणं भरलं हे?"

माझ्या हातात डाग द्यायची गरम सळई होती. समोर कोणाचा तरी रेडिओ उघडा पडला होता. मी खाली मान घालून त्या रेडिओत पाहत राहिलो. धूर निघत होता, कारण सळई मी वायरीवर तशीच धरून ठेवली होती.

रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मला ते दिसलं नाही, पण अंगावर कोणी पाहिलं तर कळतं की नाही? मग ते मामाला म्हणाले, "दुकान माहं आहे मामा, टेप माही आहे."

"म्हणजे तू भरलं."

त्यांनी हात जोडले.

मागच्यांपैकी एकानं जे म्हणायचं ते म्हटलं — तुमच्यात मयतीचीबी गाणी करत असतीन, आमच्यात नाही करत. मामानं त्यालाच हटकलं, "तू गप बे, जातीवर नको जाऊ." पण ते म्हटलं गेलं होतं, आणि बाजारात म्हटलेलं गावोगाव जातं. मिरच्यांची थैली तिथेच विसरून मामा निघून गेला. रफीकभाईंनी कर्णा उतरवला. त्याच दुपारी ते अकोल्याला गेले आणि मास्टर टेप परत घेऊन आले. सगळ्या कॅसेटी एका पत्र्याच्या पेटीत टाकल्या, छापलेली कव्हरंही. अल्बम तिथेच राहिला.

पुढच्या लग्नसराईत आमच्या बाजूच्या गावांतून त्यांना सुपाऱ्या आल्या नाहीत. लाल कोट खुंटीला. बँडपार्टीतली माणसं शेगावच्या पार्टीत गेली. लोक दुरुस्तीला यायचे, कारण दुरुस्तीला दुसरं दुकान नव्हतं, पण पायरीवर कोणी बसत नव्हतं. अम्मी मला भाकर वाढायच्या, पहिल्यासारख्याच. मी खात होतो. तोंडात घास फिरायचा नाही वगैरे लोक सांगतात — तसं काही झालं नाही. मी पोटभर खायचो.

रफीकभाईंनी मला कधीच विचारलं नाही. 'तू काऊन असं केलं' एवढंही नाही. एक दिवस म्हणाले, "तिरुपूरले जातं का? मामू आहेत तिकडे. काम चांगलं आहे, कोणी वळखत नाही." हे त्यांनी मला वाचवायला म्हटलं की मी समोर नको म्हणून, ते मी आजही सांगू शकत नाही. मी दुसऱ्याच दिवशी निघालो. पोचल्यावर कळलं की रस्त्यासाठी अम्मींनी पिशवीत भाकरी आणि ठेचा ठेवला होता.

इथे वर्षं गेली. तमिळ शिकलो, कामापुरतं. कापडात तुटका धागा असला की मला लांबून दिसतो, त्यावर मी खुणेचा स्टिकर लावतो. एवढंच काम. कधी मामू गावाकडची खबर सांगायचे. रफीकभाईंचं लग्न झालं, मुलगी झाली, नाझनीन. अम्मी गेल्या. मी गेलो नाही. सुट्टी मिळत नाही म्हणून सांगितलं.

मग ही नाझनीन पुण्याला शिकायला गेली. एका सुट्टीत तिनं ती पत्र्याची पेटी उघडली. तिच्या ओळखीतली काही पोरं असली गाणी काढतात, त्यांनी टेपा साफ केल्या, मोबाईलवर आणल्या, आणि त्यांना वेड लागलं. म्हणे, एवढ्या वर्षांपूर्वी संग्रामपूरला असं कोणी करत होतं? रफीकभाईंनी एकच अट घातली. चौथं गाणं निघेल ते कमलकाकू हो म्हणाली तरच.

ते स्वतः वरवटला गेले. इतक्या वर्षांनी, पहिल्यांदा. नाझनीनला बरोबर घेतलं. हे मला त्यांनीच फोनवर सांगितलं. कमलकाकूनं ओट्यावर चटई टाकली, चहा दिला. नाझनीननं मोबाईल तिच्या कानाशी धरला. काकूनं पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "राहू द्या. माह्या दिलीपचं आहे. राहू द्या."

आणि मग तिनं विचारलं, "पण माहे बोल कुठी गेले?"

रफीकभाईंना कळलं नाही. ती म्हणाली, "मी नुसती अशी हू-हू थोडीच रडली असीन. मी त्याच्यासंग बोलली असीन ना काही. मले तो दिवस आठवतच नाही बापा. काय बोलली मी माह्या लेकराले? तेवढं आयकू द्या मले."

रफीकभाईंनी हे सांगितलं तेव्हा मी कारखान्याच्या जिन्यात उभा होतो. मग ते म्हणाले, "गोपाल, पूर्ण भरलेली टेप कुठी आहे?"

इतक्या वर्षांनी. कोणं भरली, हे विचारलंच नाही. कुठी आहे, एवढंच.

मी म्हणालो, "खराब झाली रफीकभाई. बुरशी लागली होती. तेव्हाच फेकली."

"बरं," ते म्हणाले. मग, "नाझनीन म्हणते, कोणं काय केलं ते नाव लिहा लागते. भरणाऱ्याचं नाव तुह्यं टाकू का?"

"नको."

"मंग?"

"कोणाचंच नको."

"कोणाचं तरी लागते म्हणे बाबू." मी जिन्याच्या दोन पायऱ्या खाली उतरलो. "बरं, माहं राहू दे," ते म्हणाले, आणि माझ्या पोरींची शाळा कशी चालली ते विचारलं.

अल्बम निघाला. चौथ्या गाण्याखाली लिहिलंय — आवाज : कमलबाई. ध्वनिमुद्रण : रफीक. जाऊन पाहा.

टेपला बुरशी लागली नव्हती. आता सांगतो. इथवर आलोच आहे.

हेल वेगळे काढून झाल्यावर, रफीकभाई सुपारीवरून परतायच्या आत, मी ती कॅसेट पुन्हा टेपमध्ये घातली आणि तिच्यावर लग्नाची गाणी भरली. पूर्ण बाजू. ती गाणी कोणा गिऱ्हाइकाला देऊनही टाकली. रडणं चोरलं ते कळू नये म्हणून? तेव्हा ते कळण्याची भीती मला नव्हती. मला त्या आवाजाचं कौतुक होतं. मी ती पुसली ते वेगळ्यासाठी. तिच्यात माझं नाव होतं.

मी टेप चालू केल्यावर कमलकाकूची नजर माझ्यावर पडली. रीतीप्रमाणे तिनं माझं नाव घेतलं, आणि बोलली. मी ते शब्द दुकानात कितीतरी वेळा पुढे-मागे करून ऐकले, म्हणून ते माझ्याकडे जसेच्या तसे आहेत. आता दुसरीकडे कुठेच नाहीत. ती म्हणाली —

"आला का रे गोपाला... आला का रे माह्या दिलीपच्या जोडीदारा... जातो मा म्हणे, गोपाल आहे म्हणे संग... मी दोघाइच्या भाकरी बांधल्या रे बापा... मी दोघाइच्या बांधल्या... तू होता ना रे त्याच्यापाशी, होता ना रे तू... पाणी पाजलं का रे त्याले..."

मी भिंतीला टेकून उभा होतो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. पिशवीतला हात काढला नाही.

ती मला दोष देत नव्हती. तिला वाटत होतं मी तिथे होतो. पोराला आपण एकटं जाऊ दिलं नाही, कोणीतरी होतं, ह्या एका गोष्टीवर ती त्या दिवशी हेल काढत होती. मामाला मी जे खोटं सांगितलं होतं त्याच्या उलट ह्या जगात फक्त ती कॅसेट बोलत होती. म्हणून मी ती पुसली. ती तिच्या मुलाशी जे काही बोलली — त्याच्या बारशाचं, त्याला कांजिण्या आल्या होत्या त्याचं, तो भात नको म्हणायचा त्याचं — तेही सगळं त्याच बाजूवर होतं. माझ्या नावासाठी ते सगळं गेलं. त्यातलं मला आज थोडंच आठवतं. माझं नाव तेवढं नीट आठवतं.

मामू सांगत होते, कमलकाकू अजून विचारते — गोपाल बरा आहे ना तिकडे, पोरी बऱ्या आहेत ना? बरा आहे म्हणून सांगा, मी म्हटलं.

ह्यावर मला काही म्हणायचं नाही. तुम्ही काही म्हणावं असंही नाही.

रफीकभाई, तुमच्या दुकानात माझं एक काम पडून आहे. तुम्ही ते इतकी वर्षं स्वतःच्या नावावर ठेवून घेतलं. एक दिवस मी बाजाराच्या दिवशी येईन, कर्णा बांधा म्हणेन, आणि ते माझ्या नावावर करून घेईन. मग वरवटला जाऊन काकूला तिचे जे बोल माझ्याकडे उरलेत ते देईन, माझ्या नावासकट. कधी ते सांगता येत नाही. पण तुमचं मी फेडीन.